विहिरीतलं शिसं

उझ्माने घरच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेलं होतं ते चांगलं पाणी म्हणून.

हिंगोलीच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात नांदेडला पीएचडीचं काम करायची. पाण्यात शिसं किंवा तसलाच एखादा जड धातू उतरला की तो गाळून जात नाही, उकळून जात नाही, आणि तो काढायची यंत्रं गावखेड्याला परवडत नाहीत. पण भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, जी लोक उकिरड्यावर फेकतात, ती धुऊन, वाळवून, भरडून पाण्यात घातली तर धातू त्यांना चिकटून बसतो आणि पाणी मोकळं होतं. हे किती होतं, कसं होतं, किती वेळात होतं, एवढाच तिच्या संशोधनाचा विषय. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर उन्हाळी भुईमूग घेणाऱ्या गावांतून ती टरफलांची पोती एसटीच्या टपावर टाकून आणायची. कंडक्टर हसायचे. बाई शेंगा सोडून टरफलं घेऊन चालल्या, म्हणायचे.

तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं, नुसतं बाटलीतलं शिसं पाण्यात कालवून प्रयोग करू नका, शेजारी एखादं चांगलं पाणीही तपासून ठेवा, म्हणजे फरक दिसेल. चांगलं पाणी म्हटल्यावर तिला कळमनुरीचं आपलं घर आठवलं. घरामागची ती विहीर ऐन मे महिन्यातही आटायची नाही. अख्खी गल्ली तिच्यावर पाणी भरायची. उझ्माने एका रविवारी बाटली भरून घेतली आणि नांदेडला यंत्रावर दिली.

आकडा पाहून यंत्र चालवणारा म्हणाला, मॅडम, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. तिलाही तसंच वाटलं. पुढच्या खेपेला तिने नवी बाटली स्वतः धुतली, पोहरा स्वतः ओढला, झाकणावर नाव लिहून चिकटवलं. या वेळी आकडा थोडा वाढूनच आला. पिण्याच्या पाण्यात जेवढं शिसं चालतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याच्या कितीतरी पट.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. शिसं कुठून आलं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिचे वडील, नासेरभाई, जवानीपासून बॅटरीचं काम करत आलेले. नांदेड रोडवर पुढे दुकान, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात भट्टी आणि भट्टीपलीकडे विहीर. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या खराब बॅटऱ्या यायच्या. नासेरभाई डांबर वितळवून त्या उघडायचे, तेजाब ओतून टाकायचे, सडलेल्या प्लेटा उपसायचे आणि लोखंडी कढईत शिसं वितळवून नव्याने ओतायचे. रिकामे डबे विहिरीच्या कट्ट्याशी धुतले जायचे. तळाशी उरलेला काळा गाळ अंगणातल्या एका खड्ड्यात जायचा. हिंगोली जिल्हा नवा झाला, पाठोपाठ भारनियमन वाढलं, घरोघर इन्व्हर्टर आले आणि त्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा खणावा लागला. उझ्माचा धाकटा भाऊ वासिफ शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली आला तो तेव्हाच.

नासेरभाई मऊ स्वभावाचे गृहस्थ होते. नात्यातले लोक मुलीच्या लग्नाचं विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, पहिले तिचं शिकणं होऊ द्या. उझ्मा एमएस्सी झाली ती त्या भट्टीच्या जिवावर. हे ती कधी विसरली नव्हती, आणि त्या दिवशी गाडीत तर तिला दुसरं काही आठवतच नव्हतं.

दुपारच्या नमाजानंतर दुकानात गिऱ्हाईक नसायचं. ती वडिलांसमोर स्टुलावर बसली आणि सरळ सांगितलं.

"अब्बा, विहिरीत शिसं उतरलंय. आपल्याच अंगणातलं."

नासेरभाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. ती त्यांना दोन्ही हातांनी धरावी लागत होती, हे उझ्माच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. ते म्हणाले की हेच पाणी ते इतकी वर्षं पीत आलेत, त्यांना काय झालं? उझ्माने समजावलं, लहान लेकरांना आधी होतं, डोक्यावर होतं, रक्तावर होतं, आणि झालेलं लवकर दिसत नाही. घरात लहान लेकरू एकच होतं. वासिफची पोरगी, तय्यबा, चार वर्षांची. हल्ली ती जरा मलूलच असायची.

"बेटी," ते शेवटी म्हणाले, "हे गल्लीत कळलं तर आपल्याला इथं कोण राहू देईल? वासिफला दुसरं काय काम येतं? तू पाणी साफ करायचंच शिकून राहिली ना? मग कर साफ. पर त्याचं नाव काढू नको. दुल्हनला बी नको. बायामाणसांत गोष्ट राहत न्हाई."

दुल्हन म्हणजे वासिफची बायको, कमरुन्निसा.

उझ्मा कबूल झाली. वडिलांची भीती खोटी नव्हती. तिला वाटलं, पाणी साफ झाल्याशी कारण, नाव घेऊन काय करायचं? आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. बाटलीतलं शिसं पाण्यात घालून ते काढून दाखवणारे पुष्कळ होते. खऱ्या विहिरीच्या पाण्यावर, खऱ्या घरात, मडक्यात टरफलं भरून करून दाखवणारं तिच्या माहितीत कोणी नव्हतं. आपल्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण आपल्याच अंगणात आहे, हे तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं होतं. त्याची तिला तेव्हा लाजही वाटली नाही.

नासेरभाईंनी आपल्या बाजूने एक केलं. गाळ अंगणात ओतणं बंद केलं, तो पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊ लागले. पण जमिनीत मुरलेलं होतं ते मुरलेलंच राहिलं.

उझ्माने कुंभाराकडून तळाला भोक असलेली मडकी आणवली. खाली खडी, वर धुतलेली वाळू, मध्ये टरफलांचा जाड थर, वर पुन्हा वाळू. खालच्या मडक्यात पाणी थेंबथेंब उतरायचं. टरफलांचंही पोट भरतं, मग ती आणखी शिसं धरत नाहीत, म्हणून दर आठवड्याला ती काढून नवी भरायची. पहिल्या आठवड्याचं पाणी तिने तपासायला नेलं तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. सरांनी तो कागद दोनदा पाहिला आणि तिच्याशी पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

भिंतीपलीकडे मिराबाई राहायची. तांडा सोडून नवऱ्यासोबत गवंडीकामाला कळमनुरीत आलेली, कळमनुरीतच म्हातारी झालेली. ती या विहिरीवर पाणी भरायची. तिने मडकं पाहिलं आणि आपल्यालाही असंच पाहिजे म्हणाली. मग उझ्माने गल्लीत ज्यांनी ज्यांनी मागितलं त्यांना मडकी भरून दिली. पाण्यात काय आहे असं कोणी विचारलं तर ती सांगायची, क्षार आहेत, जड पाणी आहे, याने हलकं होतं. लोकांना पटायचं. मिराबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की नासेरभाईच्या पोरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते.

वापरलेली टरफलं उझ्मा पोत्यात भरून भट्टीमागच्या छपरात ठेवायची. त्यांचं काय करायचं हे तिचं ठरलं नव्हतं. हिंगोलीला नेऊन तेजाबाने धुऊन पाहू, शिसं सुटलं तर टरफलं पुन्हा वापरता येतील, असा एक विचार होता. पण कॉलेजच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आणि पोती तिथंच राहिली. मध्येच एकदा पोती कमी दिसली. वासिफने कुठं तरी टाकली असतील असं समजून तिने विचारलंही नाही.

तय्यबा मात्र सुधारेना. खरं तर मडक्याचं पाणी सुरू झालं तेव्हापासून ती जास्तच मलूल झाली होती. पोट धरून रडायची, जेवायची नाही, अंगणवाडीत गेली तर कोपऱ्यात झोपायची. आधी म्हणत असलेली गाणी ती विसरली. एखाद्या वेळी उगाचच चिडून डोकं भिंतीवर आपटायची. गावातल्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं, मग पुन्हा जंताचंच दिलं. उझ्माला कळत नव्हतं. पाणी तर साफ होतं. ते ती स्वतः तपासत होती. तरी तिने पोरीला नांदेडला नेलं, मोठ्या डॉक्टरला शिशाचं नाव सांगितलं, आणि रक्त हैदराबादला पाठवलं. कमरुन्निसाला सांगितलं, रक्त कमी आहे, तेवढंच बघायचंय.

तपासणीचा आकडा आला तो शुक्रवार होता. उझ्माला कॉलेज नव्हतं. तिने फोन ठेवला आणि मागच्या अंगणात आली. आकडा विहिरीच्या पाण्याने येईल त्याहूनही वाईट होता, आणि ते पाणी तर पोरगी आता पीतही नव्हती. मग हे येतंय कुठून?

कमरुन्निसा मोरीशी भांडी घासत बसली होती. कमरुन्निसाचं माहेर साखरा गावचं. तिकडे लहानपणापासून मराठीच जास्त बोललेली, सासरी येऊनही तिची दखनी उर्दू मराठीकडेच झुकायची. फार कामसू बाई, काही वाया जाऊ न देणारी. शेजारी एका करवंटीत बारीक काळी राख होती. काथ्या राखेत बुडवून ती ताटल्या चकचकीत करत होती. तय्यबा तिच्या शेजारी उकिडवी बसून आपली छोटी वाटी घासत होती. मध्येच तिने राखेचं बोट तोंडात घातलं, चोखलं, आणि पुन्हा राखेत बुडवलं.

उझ्मा तिथंच उभी राहिली.

"कमरू, ही राख कशाची?"

"तुमच्या टरफलांची, आपा. पडून राहिली व्हती तिथं. चुलीत अशी चांगली पेटतात. सिलिंडर कधी येतं, कधी येत न्हाई." मग तिच्याकडे बघून म्हणाली, "काहून? लागणार व्हती का तुमाला? मिराबाईलाबी एक पोतं देलं मी."

चुलीचा धूर, चुलीपुढं खेळणारी पोरगी, राख, ताटल्या, वाट्या, तांब्या. जे पाण्यातून काढलं होतं ते सगळं टरफलांत गोळा झालं होतं, आणि टरफलं जळाली तरी शिसं जळत नाही. ते राखेत उरलं होतं. विहिरीच्या पाण्यात ते पातळ होऊन यायचं, इथं ते घट्ट होऊन ताटात आलं होतं. हे सगळं उझ्माला एका क्षणात कळलं, वर्गात फळ्यावर लिहावं इतकं स्वच्छ कळलं.

ती खाली बसली आणि तिने सांगितलं. विहीर, शिसं, खड्डे, टरफलं, पोरीचं रक्त, सगळं. काही गाळलं नाही. अब्बांना दिलेला शब्दही गाळला नाही.

कमरुन्निसाने करवंटी लांब सरकवली, तय्यबाचे हात ओढून घेतले आणि साबण लावून धुऊ लागली. एकेक बोट, एकेक नख. पोरगी हात सोडवून घ्यायला लागली तरी ती धूतच राहिली.

"तुमाला कधीपास्नं ठाऊक हाय?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"अब्बांना?"

"त्यांनाही."

"आन ह्यांना?"

ह्यांना म्हणजे वासिफला. उझ्माने मान हलवली. वासिफला बापाने सांगितलेलं होतं.

"म्हंजे घरात मला एकटीलाच ठाऊक नव्हतं," कमरुन्निसा म्हणाली. "आन चूल मी पेटवत व्हते."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. उझ्माला वाटत राहिलं की हिने काहीतरी फेकून मारावं. कमरुन्निसाने तय्यबाला कडेवर घेतलं आणि घासलेली भांडी तशीच मोरीत सोडून आत गेली.

त्याच दुपारी उझ्मा मिराबाईकडे गेली. मिराबाईच्या घरात लहान लेकरू नव्हतं, एवढंच त्यातल्या त्यात बरं. उझ्मा बोलत असताना मिराबाई दळण निवडत होती. सगळं ऐकल्यावर तिने एकच विचारलं, नासेरभाईला ठाऊक होतं का? उझ्मा हो म्हणाली. मिराबाईने सूप बाजूला ठेवलं, मडकं उचललं, त्यातली वाळू न् टरफलं एका गोणीत काढली, गोणीचं तोंड बांधलं. मग मडकं धुतलं आणि ते गोणीसकट नासेरभाईंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. परत जाताना तिने दुकानाकडे बघितलंही नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. नासेरभाईंना भीती होती तसं कोणी दारात येऊन भांडलं नाही. लोक फक्त विहिरीवर यायचे थांबले. एकेक करून मडकी उंबऱ्यावर येऊन पडली. जाता-येता दुकानापुढे थांबणारे थांबेनासे झाले. काही दिवसांनी नगरपालिकेची माणसं येऊन विहिरीवर फरशी टाकून गेली. नळ तेव्हा आठवड्यातून दोनदा यायचा, तेही तास-दीड तास. गल्लीतल्या बाया हंडे घेऊन पार नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायला लागल्या. नासेरभाईंच्या घरावरूनच तो रस्ता होता. हंड्यांचे आवाज यायला लागले की ते आत जाऊन बसायचे.

भट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. वासिफने बायपासला गाळा घेतला आणि कंपनीच्या तयार बॅटऱ्या विकायला लागला. उझ्माने छपरातली उरलेली पोती आणि चुलीतली राख प्लास्टिकच्या पिंपांत भरली, झाकणं मेणाने बंद केली. पण ती न्यायची कुठं? तिने जिल्ह्याच्या ऑफिसात विचारलं, कॉलेजात विचारलं, नांदेडला विचारलं. असलं काही घेणारी जागा कोणालाच ठाऊक नव्हती. पिंपं छपरातच राहिली, कुलूप लावून.

तय्यबाला हैदराबादला नेलं. शिसं रक्तातून ओढून काढायचं औषध दिलं. रक्तातला आकडा उतरला. डॉक्टर भला माणूस होता, त्याने खोटी आशा लावली नाही. रक्तातलं निघालं, पण डोक्यात जे व्हायचं ते झालं, म्हणाला. ते परत येत नाही. पोरगी पोट धरून रडायची थांबली, हसायला लागली, खायला लागली. शाळेत मात्र पहिलीतच पुन्हा पुन्हा बसली. तिच्या मागून आलेली लेकरं पुढे गेली. ती कोणाला त्रास द्यायची नाही. पाटीवर एकच अक्षर काढत बसायची.

उझ्माने प्रबंधाच्या शेवटी काही पानं लिहिली होती. वापरलेल्या टरफलांचं काय होतं, ती घरात राहिली तर कोणाच्या हातात जातात, कशी जळतात, राख कुठं जाते. सरांनी ती वाचली आणि काढून टाकायला सांगितली. हा पुरावा नाही, ही घरची गोष्ट आहे, म्हणाले. हवं तर शेवटी एक ओळ टाका, या दिशेने पुढे संशोधन व्हावं म्हणून. तिने वाद घातला, पण तीन-चार वर्षांचं काम अडकलं होतं आणि कॉलेजात कायम व्हायचं होतं. तिने एक ओळ टाकली. पदवी मिळाली. कॉलेजात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, प्राचार्य बोलले की आपल्या मातीतल्या मुलीने कचऱ्यातून पाणी शुद्ध केलं. टाळ्या वाजल्या. उझ्माने सत्काराला उत्तर दिलं नाही. घसा बसलाय म्हणाली.

नासेरभाईंचे हात त्या सुमारास पार गळाले होते. मनगटं लुळी पडून खाली लोंबायची, घास उचलता यायचा नाही. कमरुन्निसा त्यांना भरवायची. ताट आणायची, घास करायची, तोंड पुसायची, सगळं नीट, वेळच्या वेळी. बोलायची नाही. तेही तिच्याकडे बघायचे नाहीत. एकदा घरात कोणी नसताना ते उझ्माला म्हणाले, "शिसं लई गरीब धातू, बेटी. जराशा आचेवर पाणी होतं. ते कोणाचं काय वाईट करील असं मला कधी वाटलंच न्हाई." पुढच्या रमजानच्या आत ते गेले. जनाज्याला गल्लीतले मोजकेच आले. मिराबाईचा नवरा आला होता. लांब, पिंपळाखाली उभा राहिला आणि माती होईपर्यंत थांबला.

उझ्माने हिंगोलीला खोली घेतली. सुटीत ती कळमनुरीला यायची. कमरुन्निसा तिला कधी टाकून बोलली नाही. चहा द्यायची, जेवायला वाढायची, आपा म्हणायची.

एका एप्रिलच्या दुपारी तय्यबा शाळेतून आली. ऊन कडक होतं, तिचा चेहरा लाल झाला होता. दप्तर टाकून ती उझ्माच्या मांडीवर येऊन पडली आणि आत्याकडे बघत म्हणाली, "फुप्पी, पानी दे." नगरपालिकेच्या नळाचं पाणी होतं, माठात भरून ठेवलेलं. उझ्मा उठली, ओगराळ्याने पेल्यात पाणी घेतलं आणि वळली.

कमरुन्निसा दारात उभी होती. पदराला हात पुसत ती पुढे आली आणि उझ्माच्या हातातून तिने पेला घेतला. जोर केला नाही. ते पाणी तिने मोरीत ओतलं, पेला विसळला, पुन्हा भरला.

"तुमी बसा, आपा," ती म्हणाली. "मी देते."

तय्यबा आईच्या हातून घटाघटा पाणी प्यायली. उझ्मा बाजेवर जाऊन बसली.